प्रबोधनकाळातील आकृती-अभ्यास: पाठीवरचे स्नायू मॉडेलचे किती आणि चित्रकाराचे किती?

रविवारची_रेघ (कोल्हापूर)

नमस्कार. कोल्हापुरात आम्ही काही चित्रकला शिक्षक आणि कलामहाविद्यालयातील विद्यार्थी रविवारी सकाळी लाइफ ड्रॉइंगसाठी, म्हणजे समोर उभ्या माणसावरून रेखाटन करण्यासाठी, एकत्र बसतो. जवळच्या तालमीत मेहनत करणारा एक तरुण पैलवान आमच्यासाठी लंगोटावर पोझ देतो. या बैठकांना जोड म्हणून सध्या आम्ही इटालियन प्रबोधनकाळातील आकृती-अभ्यासांच्या छापील प्रतिकृतींवरून नकला करीत आहोत. त्यांत मायकेलँजेलोचे लाल खडूतील अभ्यास अधिक आहेत, राफाएलची काही रेखाटने आहेत.

प्रतिकृती एका बाजूला लावून त्याच कोनातून पैलवानाला उभे केले, की दोन्ही पाठी एकमेकींशी जुळत नाहीत. मायकेलँजेलोच्या कागदावर खवाट्याभोवतीचा (खांद्यामागच्या चपट्या हाडाभोवतीचा) प्रत्येक उंचवटा बोट ठेवून दाखवता येईल इतका स्पष्ट असतो. आमच्या मॉडेलची पाठ मात्र, ती एवढी कमावलेली असूनही, तो निवांत उभा असला की मोठ्या आणि मऊ उतारांचीच दिसते. स्नायूंच्या कडा त्वचेखाली विरून जातात. त्याने हात उचलून ताण दिला की सगळे वर येते आणि हात सैल सोडताच मावळते. यावरून विद्यार्थ्यांचे दोन तट पडले आहेत. काही जण जे दिसते तेवढेच काढतात आणि आकृती पोकळ वाटते. काही जण अ‍ॅनाटमीच्या तक्त्यावरून सगळे स्नायू भरतात आणि आकृतीतला जिवंतपणा जातो.

माझा प्रश्न असा आहे, की त्या काळातील चित्रकार समोर उभ्या असलेल्या माणसाचे किती काढीत आणि आपल्या जवळच्या माहितीतून किती भरीत? त्यांची मॉडेल होती तरी कोण? आणि स्त्री-आकृतींसाठीही पुरुषालाच उभे करीत असतील, तर या रेखाटनांना प्रत्यक्ष निरीक्षण म्हणणे कितपत योग्य आहे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

कागद_आणि_कोळसा

आपण विचारलेला प्रश्न एका विशिष्ट कागदासमोर बसून सोडवावा असे मला वाटते, म्हणून लिबियन सिबिलसाठी, म्हणजे रोमच्या सिस्टिन चॅपेलच्या छतावर रंगवलेल्या एका प्राचीन भविष्यवादिनीसाठी, मायकेलँजेलोने केलेला लाल खडूचा अभ्यास घेतो. तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. सिस्टिन चॅपेलच्या छताचे काम १५०८ ते १५१२ या काळात चालले आणि हा अभ्यास त्यातल्या उत्तरार्धातला, साधारण १५१०-११ मधला मानला जातो. कागद जेमतेम २९ सेंटिमीटर उंच आणि २१ सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे आपल्या नेहमीच्या ए-फोर कागदापेक्षा मोठा नाही. छापील पुस्तकात तो पानभर मोठा करून दाखवतात, त्यामुळे विद्यार्थी त्याची नक्कल फुल इम्पीरियल या मोठ्या आकाराच्या कागदावर करू लागतात, आणि जी छाया मूळ कागदावर बोटभर जागेत मिटते ती वीतभर जागेत पसरवावी लागल्याने प्रत्येक स्नायू सुटा पडतो. नक्कल मूळ आकारातच करून पाहावी, ही माझी पहिली सूचना.

आता त्या कागदावर काय आहे ते पाहू. मधोमध पाठमोरी, कमरेत वळलेली, हात वर घेतलेली नग्न आकृती आहे आणि ती निःसंशय पुरुषाची आहे. तिच्याभोवती मोकळ्या राहिलेल्या जागेत चेहरा पुन्हा काढला आहे, डाव्या हाताचा पंजा वेगळा काढला आहे आणि डाव्या पायाचा, विशेषतः त्याच्या अंगठ्याचा, अभ्यास एकापेक्षा अधिक वेळा केला आहे. छतावरच्या चित्रात ही स्त्री आपल्या मागच्या बाजूला असलेला मोठा ग्रंथ दोन्ही हातांनी पेलून वळते आहे आणि त्या वळण्यात तिचा तोल पायाच्या बोटांवर आला आहे. ग्रंथाचे ओझे खांद्यांवर येते आणि शरीराचा भार अंगठ्यावर येतो. चित्रकाराने वेळ दिला आहे तो नेमका याच दोन ठिकाणी. कमरेखाली, जिथे चित्रात वस्त्र येणार होते, तिथे त्याचा हात सैल झालेला दिसतो. मॉडेलमध्ये काय दिसते याची नोंद करण्यापेक्षा, छतावरच्या आकृतीत जी अडचण पुढे येणार आहे ती आधी कागदावर सोडवून घेणे, हा त्याचा हेतू होता. म्हणून ज्या स्नायूंवर त्या कृतीचा भार आहे ते त्याने ठासून काढले.

हे ठासून काढण्याइतकी माहिती त्याच्याकडे कुठून आली, हा आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग. तरुणपणी फ्लॉरेन्समधील सांतो स्पिरितोच्या रुग्णालयात त्याला प्रेतांचे विच्छेदन करण्याची मुभा मिळाली होती, असे त्याचे समकालीन चरित्रकार सांगतात. त्याच्याही आधी, १४३५ मध्ये, लिऑन बातिस्ता अल्बेर्ती याने चित्रकलेवरील आपल्या ग्रंथात सजीव आकृती रचताना आधी हाडे, मग स्नायू आणि शेवटी मांस व त्वचा असा क्रम धरावा आणि वस्त्र नेसलेली आकृतीही आधी नग्न काढून मग झाकावी, असे सांगून ठेवले होते. लिओनार्दोने तीसहून अधिक प्रेतांचे विच्छेदन केल्याचे स्वतःच म्हटले आहे आणि त्याची ती पाने आज विंडसरच्या राजसंग्रहात आहेत. याखेरीज तिसरा स्रोत म्हणजे प्राचीन शिल्पे. १५०६ च्या जानेवारीत रोममध्ये लाओकोऑनचा, म्हणजे सापांच्या विळख्यात सापडलेल्या बाप-मुलांचा, प्राचीन शिल्पसमूह जमिनीतून बाहेर आला, तेव्हा तो पाहायला गेलेल्यांत मायकेलँजेलो होता. छताच्या आकृतींमधील ती पिळवटलेली, ताणाने भरलेली धडे त्यानंतर दोन-तीन वर्षांतच आकार घेऊ लागली, हे विसरू नये. तेव्हा तुमच्या पैलवानाची पाठ त्या कागदाशी जुळत नाही यात त्याचे किंवा विद्यार्थ्यांच्या नजरेचे काही उणे नाही. त्या कागदावर मॉडेल, विच्छेदनाचे टेबल आणि संगमरवर अशी तिन्ही ठिकाणची पाहणी एकत्र आली आहे.

मात्र यावरून दुसऱ्या तटाने, म्हणजे तक्त्यावरून स्नायू भरणाऱ्यांनी, आपले बरोबर आहे असे समजू नये. लिओनार्दोनेच चित्रकारांना बजावले आहे, की आकृतीतील सगळे स्नायू एकाच वेळी फुगवून दाखवले तर ती माणसाऐवजी अक्रोडांचे पोते किंवा मुळ्यांची जुडी दिसते. जो अवयव काम करतो आहे त्याचेच स्नायू उठून दिसावेत आणि बाकीचे मऊ राहावेत. हे तुमच्या मॉडेलवर सहज तपासता येईल. त्याला पाठमोरा उभा करून उजवा हात अगदी सावकाश डोक्यावर न्यायला सांगा आणि विद्यार्थ्यांना फक्त खवाट्याच्या खालच्या टोकाकडे बघू द्या. हात खांद्याच्या पातळीवर जाईपर्यंत ते टोक बाहेर, काखेच्या दिशेने सरकू लागलेले दिसेल. मानेपासून खांद्यापर्यंतचा ट्रॅपिझियसचा वरचा भाग आखडून जाड होईल आणि कमरेकडून काखेत जाणारा लॅटिसिमस उलट ताणला जाऊन पातळ होईल. त्याची बाहेरची कड तेवढी स्पष्ट उरेल. डावी बाजू या सगळ्या वेळात जवळपास होती तशीच राहील. हा फरक एकदा डोळ्यांनी पाहिला, की उजव्या बाजूला ठाम छाया आणि डाव्या बाजूला नुसता उतार, असे वाटप विद्यार्थी आपणहून करू लागतात.

गेरूची_कांडी

वरचे उत्तर मला फार आवडले, पण त्यात विच्छेदनाला दिलेले वजन थोडे कमी करावेसे वाटते. मायकेलँजेलो आणि लिओनार्दो यांच्यावरून संपूर्ण काळाचा अंदाज बांधला, तर पंधराव्या शतकातील फ्लॉरेन्सच्या कार्यशाळांमध्ये रोज चालणारे साधे काम नजरेआड होते. तिथे मॉडेल म्हणजे बहुतेक वेळा कार्यशाळेतलाच शिकाऊ मुलगा असे. रंग घोटता घोटता त्याला बोलावून घ्यायचे, हातात काठी द्यायची, कधी स्टुलावर बसवायचे, आणि तो आपल्या रोजच्या घट्ट विजारीत तसाच उभा राहायचा. फ्लॉरेन्सचा चित्रकार फिलिप्पिनो लिप्पी याच्या कितीतरी कागदांवर अशी दोन-दोन मुले शेजारी शेजारी दिसतात, एक उभा आणि एक बसलेला. राफाएलच्या तरुणपणच्या वेदीचित्रांसाठी केलेल्या अभ्यासांतही पुढे देवदूत किंवा संत होणारी आकृती कागदावर कार्यशाळेतल्या मुलाच्या पोशाखातच आहे. या मुलांच्या अंगावर मायकेलँजेलोचे स्नायू नाहीत. तरीही त्या आकृत्या पोकळ वाटत नाहीत, कारण भार कोणत्या पायावर आहे, त्या बाजूचे कंबरेचे हाड किती वर चढले आहे आणि त्याच्या उलट खांदा किती उतरला आहे, एवढे त्यांत नेमके पकडलेले असते. आपल्या पहिल्या तटाच्या विद्यार्थ्यांना मी तक्त्याकडे पाठवण्याआधी या कागदांकडे पाठवीन.

साधनांबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण साधनांवर बरेच काही अवलंबून असते आणि छापील प्रतिकृतीत ते दिसत नाही. त्या कार्यशाळांमध्ये चांदीच्या टोकाची लेखणी वापरीत. साध्या कागदावर ती उमटत नाही. हाडांची राख किंवा पांढरा रंग सरसात कालवून त्याचा पातळ थर कागदावर चढवावा लागतो, आणि त्यात थोडा रंग मिसळला की कागद फिकट गुलाबी, करडा किंवा निळसर होतो. चांदीची रेघ दाब वाढवून फारशी काळी होत नाही आणि सहज पुसताही येत नाही. त्यामुळे गडदपणा हवा असेल तर शेजारी शेजारी बारीक रेघा ओढत जाण्यावाचून मार्ग नसतो, आणि रेघ ओढण्याआधी नीट पाहण्यावाचूनही मार्ग नसतो. उजेडाच्या जागी पांढऱ्या रंगाचे बारीक फटकारे देत. मधला सगळा भाग म्हणजे कागदाचाच रंग. या पद्धतीत चित्रकाराला फक्त दोन टोके काढायची असतात, सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद. मधले त्वचेचे उतार कागद स्वतः सांभाळतो. तुमच्या मॉडेलच्या निवांत पाठीवरचे जे मऊ उतार विद्यार्थ्यांना पांढऱ्या कार्ट्रिज कागदावर काढता येत नाहीत, ते मध्यम छटेच्या कागदावर काढून बघावेत.

लाल खडू हा त्यानंतर पुढे आला. लिओनार्दोने तो १४९० च्या दशकात वापरायला घेतला आणि सोळाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत तो फ्लॉरेन्स आणि रोममध्ये आकृती-अभ्यासाचे आवडते साधन झाला. हा लोहयुक्त माती असलेला नैसर्गिक दगड. त्याच्या कांड्या कापून टोक काढता येते, आणि त्याचा रंग मुळातच त्वचेच्या जवळचा असल्याने एकाच कांडीने रेघ आणि छाया दोन्ही साधतात. आपल्याकडे बाजारात मिळणारा गेरूचा खडा त्याच कुळातला आहे, पण तो बहुधा भुसभुशीत असतो आणि मध्येच खर लागून कागद ओरखडतो. अभ्यासासाठी लाल कॉन्टेची (दाबून केलेल्या कठीण खडूची) कांडी बरी. तिला ब्लेडने लांब टोक काढावे आणि छाया बोटाने न चोळता रेघांनीच भरावी. चोळल्याने पाठ गुळगुळीत होते आणि पृष्ठभाग कोणत्या दिशेने वळतो आहे हे सांगणारी रेघच नाहीशी होते. मूळ कागदांवर रेघांची दिशा जागोजागी बदलते, बरगड्यांवर ती धडाला वळसा घालून जाते आणि कण्याच्या खाचेत ती आखूड होते. नक्कल करताना छायेच्या आकारापेक्षा या रेघांच्या दिशेची नक्कल करावी, असे मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो.

हौद्याकाठी

मी चित्रकार नाही. लहानपणापासून तालमीत वाढलो आहे आणि ओळखीच्या चित्रकारांसाठी काही वेळा पोझ दिली आहे, म्हणून मॉडेलच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट तेलाची. पैलवान सकाळी मेहनत आणि मालिश करून थेट तुमच्याकडे येत असेल, तर त्याच्या अंगावर तेलाचा हात असणारच. तेलकट अंगावर खिडकीच्या उजेडाचे चकचकीत ठिपके पडतात, आणि मी पाहिले आहे की नवशिके विद्यार्थी ते ठिपके म्हणजेच स्नायूंचे उंचवटे समजून काढतात. प्रत्यक्षात तो जरा हलला की ठिपका दुसरीकडे जातो. त्याला अंग कोरडे पुसून घ्यायला सांगा. मातीत लढत झाल्यावर अंगाला जी बारीक माती चिकटलेली असते, तिच्यामुळे तर चकाकी पूर्ण मरते आणि अंगाची घडण उलट जास्त स्पष्ट दिसते. खासबागेत कुस्ती बघताना हे तुमच्याही लक्षात आले असेल.

दुसरी गोष्ट पोझची. आम्हाला नुसते ताठ उभे राहणे जमत नाही, कारण आमचे शरीर तशा निष्क्रिय उभे राहण्यासाठी तयार झालेले नसते. त्याऐवजी त्याला जोर काढताना छाती जमिनीकडे उतरण्याआधी थांबायला सांगा, किंवा खडाखडीच्या वेळी समोरच्याच्या मानेवर हात टाकून एक पाय मागे रोवलेला असतो तसे उभे करा. हातासाठी भिंत, काठी किंवा उंच स्टूल द्या, म्हणजे ताण खरा राहील आणि हात लवकर थरथरणार नाही. अशी पोझ दोन-तीन मिनिटांचीच ठेवावी, मधे विश्रांती द्यावी आणि तीच पोझ पुन्हा घ्यावी. पाय कुठे होते त्याच्या खुणा फरशीवर खडूने करून ठेवल्या, की तो बरोबर तिथेच परत उभा राहतो. पंखा थेट अंगावर नसावा, त्याच्या परवानगीशिवाय कोणी मोबाइलवर फोटो काढू नये आणि मानधन ठरल्याप्रमाणे त्याच दिवशी द्यावे. तो तुमच्यासाठी मेहनतीचेच काम करतो आहे.

रविवारची_रेघ

सर्वांचे मनापासून आभार. मूळ आकारात नक्कल करणे, मध्यम छटेचा कागद आणि तेल पुसणे या तिन्ही गोष्टी पुढच्या बैठकीपासून करणार आहोत. कोल्हापूरला शरीराच्या मेहनतीची आणि चित्रकलेची अशा दोन्ही परंपरा एकाच काळात लाभल्या आहेत, याची या निमित्ताने आठवण झाली. खासबागचे कुस्ती मैदान ज्या शाहू महाराजांनी उभारले, त्यांच्याच दरबारात, जे. जे. स्कूलमध्ये शिकून आलेले आबालाल रहमान चित्रकार होते. मुंबईला जे. जे.मध्ये नग्न मॉडेलवरून अभ्यासाचा रीतसर वर्ग तिथले प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात, १९२० च्या आसपास सुरू झाला. तालमी आणि स्टुडिओ मात्र आपल्याकडे आधीपासूनच हाकेच्या अंतरावर होते. त्यांची गाठ अधिक वेळा पडायला हवी, असे मला फार वाटते.

एक प्रश्न राहिला. पुरुष मॉडेलवरून स्त्री काढणे हा त्या काळाचा सरसकट नियम होता का? आमच्या गटातील विद्यार्थिनींनी हा मुद्दा लावून धरला आहे आणि तो रास्त आहे.

कागद_आणि_कोळसा

सरसकट नियम नव्हता, पण प्रघात तसाच होता. कार्यशाळा पुरुषांच्या होत्या, शिकाऊ मुले हाताशी होती, आणि स्त्रीने चित्रकारांपुढे विवस्त्र उभे राहणे समाजाला मान्य नव्हते. त्याचा परिणाम मायकेलँजेलोच्या स्त्री-आकृतींमध्ये स्पष्ट दिसतो. सिबिलच्या बाबतीत त्या रुंद खांद्यांना ग्रंथ पेलण्याचे काम असल्याने ते शोभून दिसतात, पण फ्लॉरेन्समधील मेदिची घराण्याच्या समाधीवरील त्याच्याच ‘रात्र’ या शिल्पातील वक्षस्थळे पुरुषी धडावर बाहेरून बसवल्यासारखी वाटतात, आणि हे त्या शिल्पाबद्दल पूर्ण आदर ठेवून म्हणावे लागते. विद्यार्थिनींचा आक्षेप इथे मला पटतो: जे शरीर समोर नव्हते, ते माहितीच्या बळावरही पुरते साधले नाही.

याच्या उलट उदाहरण राफाएलचे आहे. रोममधील फार्नेसिना या वाड्यातील भित्तिचित्रांसाठी १५१७-१८ च्या सुमारास त्याने तीन ग्रेसेसचा (सौंदर्याच्या तीन प्राचीन देवतांचा) लाल खडूत अभ्यास केला, जो आज ब्रिटिश राजसंग्रहात आहे. त्यातल्या तिन्ही आकृती स्त्रीच्या आहेत, आणि चेहरा व बांधा पाहता एकाच स्त्रीला तीन वेगवेगळ्या पोझमध्ये उभे करून त्या काढल्या असाव्यात, असे अभ्यासक मानतात. तिथे दंडाचा आणि पोटाचा मऊपणा, वाकताना कुशीवर पडणारी घडी, उचललेल्या हाताबरोबर वर ओढली जाणारी छाती, हे सगळे पाहूनच काढल्याचे लगेच जाणवते. स्नायूंची रचना त्याला ठाऊक होती, पण इथे त्याने त्यांतले फारसे काही वर येऊ दिलेले नाही.

शक्य असेल तर हा कागद आणि सिबिलचा कागद शेजारी शेजारी लावावेत, दोन्ही मूळ आकारात, आणि दोन्हींतला फक्त वर उचललेला हात व त्याखालची काख एवढाच भाग काढायला द्यावा. त्यानंतर पैलवानाला तोच हात उचलायला सांगावा. ज्यांना मानधन देऊन आणि त्यांच्या सोयीने स्त्री मॉडेल मिळू शकेल, त्यांनी ती पोशाखात असली तरी तिच्यावरूनही हाच भाग काढावा. खांद्याचा आणि काखेचा उतार साडी-ब्लाउजमध्येही पुरेसा दिसतो.